पकवासा, मंगलदास
(७ मे १८८२–६ नोव्हेंबर १९६८). स्वातंत्र्यचळवळीतील गांधीवादी कार्यकर्ते आणि स्वातंत्र्यानंतरचे मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले राज्यपाल. व्यवसायाने मुंबईचे सॉलिसिटर. १९३७ पासून दहा वर्षे ते मुंबई विधान परिषदेचे अध्यक्ष होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी नागपूर येथे राज्यपालपदाची सूत्रे घेतली. (अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२९ मध्ये हे पद हंगामी सांभाळले होते, परंतु ते ब्रिटिश राजवटीत). अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या वऱ्हाडच्या जिल्ह्यांवर निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व होते. राज्यपालाच्या नेमणुकीपूर्वी त्याचा विचार घ्यावा, असे १९३६ च्या करारान्वये ठरलेले होते. सत्तांतराच्या वेळी निजामाने वऱ्हाडवर हक्क सांगितला. तथापि कारभार नागपूरहूनच चालू राहिला आणि १९४८ च्या पोलीस कारवाईने हा वाद निकालात निघाला. १९५० मध्ये प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले. १९५२ मध्ये पकवासा पदमुक्त झाले. पुढे १९५४-५५ मध्ये ते काही महिने मुंबईचे हंगामी राज्यपाल होते.

ब्रिटिश काळात राजनिष्ठ व राष्ट्रीय अशा फळ्यांत विभागलेल्या बालवीर संघटनांचे १९५० मध्ये एकीकरण होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था स्थापन झाली. १९५१ मध्ये वीरबालाही तीत आल्या. पकवासा १९५३–६० या काळात तिचे अध्यक्ष होते.