लॅपटॉप जेवत का नाही?

दोस्तांनो, आमच्या चौथीच्या वर्गातला लॅपटॉप परवा रुसला. चार्जर लावलेला, पण आकडा ८० टक्क्यांच्या पुढे सरकेना. "बाई, बॅटरी गेली!" मुलं ओरडली. गेली नव्हती बरं का! बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून कुणीतरी ८०वर थांबायची सेटिंग करून ठेवली होती.

माझ्या घरचा लॅपटॉप मात्र खरंच आजारी होता. दुसऱ्या प्लगात चार्जर लावला, पिन नीट बसवली, तरी चार्ज होईना. टेबलावर ठेवला तर चक्क डुगडुगला! आतली बॅटरी फुगली होती. लिथियम बॅटरी खराब झाली की कधीकधी आत वायू साठतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

दुरुस्तीवाल्यानं ती जपून काढली. नवी घेताना नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट कागदावर उतरवून न्यावे लागतात. मी स्वस्तातली उचलणारच होते, पण दुकानदारानं कागद पाहिला नि म्हणाला, "बाई, ही नाही चालायची."

जुनी बॅटरी कचऱ्यात नाही टाकली हं, ई-कचरा केंद्रावर दिली.