'द रेड स्लीव्ह': आधीच ठाऊक असलेला शेवट

'द रेड स्लीव्ह' या कोरियन मालिकेचे शेवटचे दोन भाग १ जानेवारी २०२२ रोजी एमबीसी वाहिनीवर लागोपाठ दाखवले गेले. नायिका मरणार, हे कोरियातल्या पुष्कळ प्रेक्षकांना पहिल्या भागापासूनच ठाऊक होते. मालिकेचा नायक यी सान म्हणजे जोसोन घराण्याचा बाविसावा राजा जोंगजो. त्याने १७७६ ते १८०० या काळात राज्य केले. नायिका सोंग दोक-इम ही राजवाड्यातली सेविका. पुढे 'उईबिन' या पदवीने ती त्याची उपपत्नी झाली आणि १७८६ मध्ये वारली. एवढे सगळे उघड असताना शेवटाची ओढ कशी टिकवायची, हा लेखिका जोंग हे-री आणि दिग्दर्शिका जोंग जी-इन यांच्यापुढचा पेच होता.

ऐतिहासिक मालिकांना कोरियात 'सागुक' म्हणतात. या मालिकांच्या लेखकांवर इतिहासाचा पहारा कडक असतो. जोसोन राजांचे 'सिल्लोक' नावाचे इतिवृत्त दिवसवार लिहिलेले आहे आणि आजच्या कोरियन भाषेत ते कोणालाही इंटरनेटवर चाळता येते. राजपुत्र कोणत्या दिवशी गेला, हे प्रेक्षक भाग संपायच्या आत पडताळून पाहू शकतो. चूक सापडली तर ती सहज माफ होत नाही. मार्च २०२१ मध्ये एसबीएस वाहिनीची 'जोसोन एक्सॉर्सिस्ट' ही मालिका इतिहासाची मोडतोड केल्याच्या आरोपांवरून अवघ्या दोन भागांनंतर कायमची बंद झाली. 'द रेड स्लीव्ह' सुरू झाली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

दोक-इमबद्दलचा सर्वांत मोलाचा पुरावा मात्र खुद्द राजाच्याच लेखणीतून उतरला आहे. ती गेल्यावर जोंगजोने तिच्या कबरीसाठी स्वतः स्मृतिलेख रचला. त्यात तो सांगतो की, १७६६ मध्ये, कोवळ्या वयात, त्याने तिला मागणी घातली तेव्हा ती रडली आणि तिने नकार दिला. युवराज्ञीला अजून मूल झालेले नाही, मग आपण कसे पुढे व्हावे, असे कारण तिने दिले. पंधरा वर्षांनी, राजा म्हणून, त्याने पुन्हा विचारले आणि ती पुन्हा नाही म्हणाली. अखेर तिच्या हाताखालच्या नोकराला शिक्षा केल्यावरच ती तयार झाली. ज्या राजवाड्यात राजाच्या शब्दापुढे सेविकांचे चालत नसे, तिथल्या एका सेविकेने दोनदा नकार द्यावा आणि राजाने तो लपवण्याऐवजी दगडावर कोरून ठेवावा, ही गोष्ट विलक्षणच म्हणायला हवी.

पण हा लेख राजाच्या बाजूचा आहे. तिला खरोखर काय वाटत होते, हे तिने कुठे लिहून ठेवल्याचे आढळत नाही. १७७३ मध्ये राजकन्या आणि सेविकांनी मिळून एक मोठी कादंबरी नकलून काढली. त्या कामात दोक-इमचा हात होता, एवढी नोंद मिळते. मालिकेतल्या तिच्या मैत्रिणींची नावे याच नोंदीतून आली आहेत. तिच्या मनाच्या या रिकाम्या जागेवरच कांग मी-गांग यांची २०१७ ची कादंबरी उभी आहे आणि त्या कादंबरीवर ही मालिका. तिचे राजावर प्रेम होते का, हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात नाही, म्हणूनच ते शेवटापर्यंत राखून ठेवता येते.

मृत्यूचे तपशील मालिका बदलत नाही. १७८६ च्या जूनमध्ये दोक-इमचा छोटा मुलगा, युवराज मुन्ह्यो, गोवराने दगावला आणि नोव्हेंबरमध्ये, पुन्हा गरोदर असतानाच, त्याची आईही गेली. मालिका त्यात एक भर घालते: दोक-इमची जिवलग मैत्रीण योंग-ही हिला प्रेमसंबंधापायी देहदंड होतो. राजवाड्यातली प्रत्येक सेविका राजाची मानली जात असे. तिने दुसऱ्या कोणावर जीव लावणे हा गुन्हा होता. मालिकेच्या नावातली लाल बाही ही या सेविकांचीच खूण.

मरणशय्येवर दोक-इम राजाला नव्हे, मैत्रिणींना बोलावून घ्यायला सांगते. राजा येतो, तेव्हा ती त्याला विनवते की, पुढच्या जन्मी मी दिसले तर ओळख न दाखवता पुढे निघून जा. राजा कळवळून विचारतो, माझ्यावर जराही प्रेम नव्हते का? खरेच नको असते तर कसेही करून दूर पळून गेले असते, राहिले ते माझ्या मर्जीने, हे तुम्हाला अजून कळले नाही का, असे ती म्हणते. तिचा शेवटचा शब्द हा असा आहे. 'प्रेम' हा शब्द ती उच्चारत नाही. आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट, स्वतःची निवड, ती त्याच्यापुढे ठेवते. सबंध मालिकेतला हा सर्वांत सच्चा प्रसंग आहे.

सामान्य मालिका इथे थांबली असती. ही थांबत नाही. राजा कारभारात बुडून जातो, नवी उपपत्नी येते, वर्षे सरतात. मग एक दिवस तिची मैत्रीण ग्योंग-ही जपून ठेवलेल्या तिच्या वस्तू आणून देते. त्यात सेविका असतानाचा तिचा पोशाख असतो. तो हातात धरल्यावर, ती इतकी लहानशी होती, हे त्याला जाणवते आणि इतकी वर्षे आवरून धरलेला बांध फुटतो. मृत्यूच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग अधिक जिव्हारी लागतो, कारण दुःख वर्षानुवर्षे अंगात मुरते हे तो दाखवतो.

सर्वांत शेवटी राजा एका जुन्या दालनात दोक-इमच्या मांडीवर जागा होतो. तुम्हाला राजा म्हणून परत गेले पाहिजे, असे ती सांगते. हा भूतकाळ नव्हे हे आपल्याला कळले आहे, असे तो म्हणतो आणि तिथेच राहायचे ठरवतो. माझ्यावर प्रेम कर, अशी तो याचना करतो आणि या वेळी ती स्वतःहून त्याचे चुंबन घेते. हे स्वप्न की मरणोत्तर भेट, हे मालिका सांगत नाही. कल्पनेचे सर्वांत मोठे स्वातंत्र्य मालिकेने नेमके तिथे घेतले आहे, जिथे राजाचा श्वास थांबतो आणि त्याच्या नोंदीही. इतिहासाने या दोघांना असे एकत्र ठेवलेले नाही. राजा ह्वासोंगमध्ये राणी ह्योउईसोबत पुरलेला आहे. दोक-इमला सोलमध्ये मुलाजवळ जागा मिळाली होती. १९४४ मध्ये जपानी राजवटीत आई आणि मुलगा दोघांच्या कबरी गोयांगच्या सोसामनुंगमध्ये हलवल्या गेल्या आणि तिथे मायलेकही एकमेकांपासून लांब पडले.

याच राजावर एमबीसीनेच २००७-०८ मध्ये 'यी सान' ही ७७ भागांची मालिका केली होती. तीत दोक-इमच्या जागी शाही चित्रशाळेतली सोंग-योन होती आणि राजाच्या कारकिर्दीला ऐसपैस जागा होती. 'द रेड स्लीव्ह' अवघ्या १७ भागांची. १७९४ ते १७९६ दरम्यान उभारलेला ह्वासोंग नावाचा किल्ला, दरबारातले तट, १८०० मध्ये गादीवर आलेला बालराजा सुन्जो, यांपैकी कशालाही ती शेवटात फारसे स्थान देत नाही.