वारशाच्या यादीतली भाजीमंडई

महात्मा फुले मंडईची इमारत बांधायला ज्यांनी कडाडून विरोध केला, त्यांत खुद्द महात्मा फुले होते. शुक्रवार पेठेत भाजीची पिशवी भरून परतणाऱ्या अनेक पुणेकरांना हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते मात्र पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

ही इमारत उभी राहण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. छप्पर असलेली बांधीव मंडई उभारावी, असा विचार नगरपालिकेत पुढे आला. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे या नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचे म्हणणे सरळ होते: एवढा पैसा इमारतीवर ओतण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला पैसे द्यायचे ठरले, तेव्हाही त्यांनी एकट्याने विरोध नोंदवला होता. त्यांना बांधकामातले काय कळते, असे म्हणायची मात्र सोय नव्हती. ते स्वतः कंत्राटदार होते, येरवड्याच्या पुलाच्या कामात त्यांचा हात होता. त्यांचे घराणे फुलमाळ्यांचे. म्हणजे दगडाचा भाव आणि बाजारातला व्यवहार, दोन्ही त्यांना नेमके माहीत होते.

विरोध चालला नाही. लष्करी अभियंता वॉल्टर ड्युकॅट यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकामाचे कंत्राट घेतले आणि 5 ऑक्टोबर 1886 रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते ‘रे मार्केट’ खुले झाले. हे रे मूळचे हॉलंडमध्ये जन्मलेले, पुढे ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. वांगी-बटाट्याशी त्यांचा संबंध एवढाच, पण बाजारावर नाव मात्र बावन्न वर्षे राहिले. 1938 मध्ये आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांनी पुढाकार घेतला आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. विरोधकाचेच नाव इमारतीला देण्यात अत्र्यांच्या स्वभावातला खट्याळपणा कोणाला दिसेल, पण एकेकाळी ज्या सभागृहाने जोतीरावांचे ऐकले नव्हते, त्याच सभागृहाने केलेली ही उशिराची परतफेडही होती. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे फुल्यांचेच नाव मिळाले.

आता इमारतीकडे वळू. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यावर निमुळते होत गेलेले उंच छप्पर आणि मनोऱ्यापासून चहूबाजूंना फाकलेल्या लांब पाखा. भिंती दगडी, कमानी युरोपातल्या गॉथिक धाटणीच्या. शोभेपेक्षा इथे उपयोगाचा विचार अधिक दिसतो. छप्पर उंच असले की गरम हवा वर जाते आणि खाली पालेभाजी जरा जास्त वेळ तजेलदार राहते. पाखा फाकवल्या की उजेड आणि वारा दोन्हीकडून येतो. फ्रिज नावाची चीज नसलेल्या काळात भाजीबाजाराला लागणारी ही यंत्रणाच होती. लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालयही एकेकाळी याच इमारतीत होते. घोले रस्त्यावरचे आजचे महात्मा फुले संग्रहालय ते हेच.

भोवतालचा चौक हा मंडईचाच भाग समजायचा. 1894 पासूनचा अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन हा गणपती इथला. लोकमान्य टिळकांचा पुतळाही इथेच बसला, 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. या पुतळ्यापाशी इतकी भाषणे आणि इतके वादविवाद झडले की पुणेकरांनी या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणायला सुरुवात केली. प्रवेश परीक्षा नाही, पदवी नाही, पण उलटतपासणी कडक.

महापालिकेच्या वारसा यादीत ही इमारत पहिल्या श्रेणीत आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, मजबुतीसाठी अगदी गरजेचे असेल तेवढेच काम करायचे, आत-बाहेर मन मानेल तसे फेरफार करायचे नाहीत. दगड, कमानी आणि छप्पर यांना अशा नियमांचे संरक्षण मिळते. गाळ्यावर उंच बसून कोथिंबिरीच्या जुड्या झटकणाऱ्या बाईला ते मिळत नाही. जागतिक पातळीवर वारशाचा विचार करणारे मात्र वापरालाही मोल देतात. ऑस्ट्रेलियात 1979 मध्ये मान्य झालेल्या बुरा सनदेत वास्तूचा उपयोग हा तिच्या महत्त्वाचाच घटक मानला आहे.

याचा अर्थ युरोपातल्या दोन बाजारांवरून चांगला कळतो. पॅरिसमधल्या ले हाल बाजाराचे लोखंडी मंडप 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडले गेले. लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनची इमारत नागरिकांच्या आंदोलनामुळे वाचली, पण 1974 मध्ये भाजी-फुलांचा बाजार तिथून हलला आणि आज तिथे पर्यटकांसाठी दुकाने व कॅफे आहेत. एकीकडे वास्तू गेली, दुसरीकडे वास्तू राहून तिचे काम गेले. पुण्यात घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तरी किरकोळ भाजी जुन्या छपराखाली राहिली. सव्वाशेहून अधिक वर्षे एकच काम करणारी सार्वजनिक इमारत शहराच्या मध्यात सापडणे, हीच मंडईची दुर्मीळ गोष्ट आहे. गॉथिक कमानी पुण्यात इतरत्रही बघायला मिळतील.

म्हणून खरी काळजी भिंतींची कमी आणि धंद्याची अधिक वाटते. घरपोच भाजीची ॲप, उपनगरांकडे सरकलेली वस्ती, गाडी लावायला जागा नाही. यामुळे मंडईत खास वाट वाकडी करून येणारे गिऱ्हाईक घटू शकते. त्यात एक नवी घडामोड झाली. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि तिचे एक स्थानक मंडईत आले. त्यामुळे पेठेतल्या कोंडीत न शिरताही आता मंडईपर्यंत पोहोचता येते. मात्र स्थानकाच्या आसपास जमिनीचे भावही चढणार. आज जिथे पावशेर मिरची तोलली जाते त्या गाळ्याचे भाडे उद्या कोणाला परवडेल, हे वारसा यादीत कुठेच लिहिलेले नाही. ते महापालिकेच्या गाळेवाटपाच्या धोरणात ठरेल.