गाडीचा हीटर थंड पडतो तेव्हा

बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि आज आपण गाडीच्या हीटरबद्दल बोलणार आहोत. आपण उन्हाळ्याच्या देशातली माणसं. तिकडे गाडी घेताना एसी कसा आहे हे दहा वेळा विचारायचो, हीटरचं बटण मात्र कधी फिरवलं नसेल. इथे शिकागोत जानेवारी उजाडला की तेच बटण आधी आठवतं. २०१९च्या ३० जानेवारीला इथे पारा उणे २३ फॅरेनहाइटला, म्हणजे उणे ३१ सेल्सियसच्या आसपास गेला होता. तो दिवस अनेकांच्या लक्षात असेल.

माझ्या अकरा वर्षं जुन्या गाडीने गेल्या हिवाळ्यात एक खोडी काढली. हायवेवर हीटर छान गरम, पण सिग्नलला थांबलं की पाच मिनिटांत गार वारा. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. म्हटलं, जाड जॅकेट घालून बसवू. आणि इथेच चूक होते. फुगीर जॅकेटवर कारसीटचे पट्टे घट्ट वाटतात, पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टे सैल पडतात. म्हणून इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की मुलाला पातळ कपड्यांत बांधा आणि कोट किंवा पांघरूण पट्ट्यांच्या वरून घाला. शिवाय समोरच्या काचेवरचं धुकं आणि बर्फ घालवायलाही हीच गरम हवा लागते. त्यामुळे हीटर ही नुसती चैन नाही.

एका मोठ्या दुकानात गाडी नेली. काउंटरवरच्या मुलाने लक्षण ऐकलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि आकडा सांगितला: १,४५० डॉलर. हीटर कोअर बदलावा लागेल, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी त्याचीच. मी "विचार करून सांगतो" म्हणून बाहेर पडलो. खरं सांगतो, त्या महिन्यात एवढे पैसे नव्हतेच. असते तर भिडेपोटी हो म्हणालो असतो.

आता हा हीटर कोअर म्हणजे काय ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा मोठा भाग गाडी पुढे नेण्यात न जाता उष्णतेत जातो. ती उष्णता काढून न्यायला इंजिनभोवती कूलंट खेळवतात. कूलंट म्हणजे साधारण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल. असं अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३७ सेल्सियसपर्यंत गोठत नाही. गरम झालेलं कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं, पण त्यातलं थोडं रबराच्या दोन नळ्यांमधून डॅशबोर्डमागे येतं. तिथे पुस्तकाएवढा एक छोटा रेडिएटर असतो, तोच हीटर कोअर. त्यावरून पंखा हवा फुंकतो आणि ती गरम हवा आपल्या पायाशी येते. थोडक्यात, आपला हीटर वेगळी आग पेटवत नाही, इंजिनाची वाया जाणारी ऊब वापरतो. इलेक्ट्रिक गाडीत ही फुकटची ऊब नसते, तिथे बॅटरीच खर्च होते. म्हणून ती गाडी प्लग लावलेली असतानाच तापवून निघालेलं बरं.

तर, हवा गरम येत नसेल तर कुठे कुठे बिघाड असू शकतो? डायलवरचा तापमानाचा काटा बराच वेळ गाडी चालवूनही वर चढत नसेल, तर संशय थर्मोस्टॅटवर. ही छोटी झडप इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडी अडकली की इंजिन नीट तापतच नाही. बऱ्याच गाड्यांत हे स्वस्तातलं काम आहे. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार हवा येत असेल, डॅशबोर्डमधून टिकटिक ऐकू येत असेल, तर गरम-थंड हवा मिसळणाऱ्या दाराची मोटर बघायला सांगा. पंखा फक्त सर्वात मोठ्या वेगावरच फिरत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलाय. आणि गाडीत गोडसर वास, आतून काचेवर चिकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं, असं असेल तर मात्र हीटर कोअर खरंच गळत असू शकतो. ते कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे लहान मुलं आणि घरातला कुत्रा-मांजर यांना त्यापासून लांब ठेवा.

माझी तक्रार यात कुठेच बसत नव्हती. काटा मधोमध, वास नाही, कार्पेट कोरडं.

ऑफिसमधल्या एकाने गल्लीतलं दोन गाड्यांपुरतं गॅरेज सुचवलं. मालक पोलंडहून आलेले, साठीच्या पुढचे. त्यांनी आधी प्रश्न विचारले: गार कधी होतं? थांबल्यावरच? एक्सिलरेटर दाबला की परत गरम होतं? मग बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावला. इंजिन नुसतं चालू असताना एक नळी चांगली तापलेली, दुसरी जेमतेम कोमट. मला एक्सिलरेटर दाबायला सांगितला, तर दुसरीही तापली. म्हणाले, "कोअर तुंबला असता तर इतका फरक पडला नसता. यात कूलंट कमी आहे आणि हवा शिरली आहे. पंप हळू फिरतो तेव्हा कूलंट तिथवर पोचत नाही. पण ते गेलं कुठे, ते शोधायला इंजिन थंड हवं. दुपारी या."

हे "दुपारी या" मला फार आवडलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं, त्यामुळे घाईत तपासणं शक्यच नव्हतं. दुपारी त्यांनी झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब भरला. त्याचा काटा हळूहळू उतरायला लागला. टॉर्च घेऊन पाहिलं तर हीटरच्या नळीच्या टोकाशी क्लॅम्प गंजलेला आणि त्याभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरट पापडी. तिथून थेंब थेंब गळत होतं, गरम इंजिनावर वाळून जात होतं, म्हणून जमिनीवर डाग नाही. नळीचा तुकडा आणि क्लॅम्प बदलला, योग्य जातीचं कूलंट भरलं, हवा काढली. बिल: एका तासाची मजुरी ९५, नळी-क्लॅम्प १४, कूलंट १७. एकूण १२६ डॉलर. जुना क्लॅम्प माझ्या हातात ठेवला, न मागता.

पहिल्या दुकानाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तपासलंच नाही, अंदाज सांगितला, आणि अंदाज महागातला होता. म्हणून कुठेही गेलात तरी एक प्रश्न जरूर विचारा: हाच भाग बिघडलाय हे तुम्ही कशावरून ठरवलं? उत्तरात "दाब उतरला", "नळी कोमट लागली" असं काही आलं तर ठीक. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर वाईट वाटून घेऊ नका, नीट तपासायला वेळ लागतोच. एस्टिमेट लेखी घ्या, आणि काम सुरू होण्याआधीच सांगा की काढलेला भाग मला हवा. बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात तर वॉरंटी जाईल, अशी भीती आपल्यात खूप आहे. अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ दुसरीकडे सर्व्हिसिंग केलं एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिलं मात्र जपून ठेवा. ज्या भागाची वॉरंटी अजून चालू आहे, त्यासाठी डीलरकडेच जा. फुकट होणारं काम बाहेर पैसे देऊन कशाला करायचं?

आणि हीटर नीट चालत असला तरी बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवू नका. (आपल्याकडे गॅरेज म्हणजे मिस्त्रीचं, इथे घराला चिकटलेलं, मी त्याबद्दल बोलतोय.) धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो घरातही शिरतो. बर्फ पडल्यावर आधी मागची सायलेन्सरची नळी मोकळी करा, मग इंजिन चालू करा.

निघताना त्या मेकॅनिकने कूलंटच्या टाकीवर मार्करने एक रेघ मारून दिली. म्हणाले, "दर आठवड्याला सकाळी, इंजिन थंड असताना बघ. महिन्याभरात परत खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर इंजिनाच्या आतला प्रश्न असेल. मग ये, बघायचे पैसे घेणार नाही." मी अजूनही दर रविवारी बघतो. आज सकाळीही पाहिलं, कूलंट रेघेवरच आहे.