शिबिर उठल्यानंतर

वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत लोकसेवेची इच्छा झालेला वैद्य बहुधा प्रथम शिबिराचा विचार करतो. आम्हीही तेच केले. नागभीडच्या आसपासच्या खेड्यांत शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडावे, नाडी पाहावी, चूर्णांच्या पुड्या द्याव्यात आणि सायंकाळी परतावे, असा आमचा क्रम होता. रोवणीच्या दिवसांत ज्या स्त्रियांसाठी शिबिर भरवावे, त्या बांधीतील चिखलात ओणव्या असत. आमच्यासमोर बसत ते गुडघेदुखीचे वृद्ध.

अशाच एका शिबिरानंतर चौथ्या दिवशी एक नवजात बाळ आमच्या दवाखान्यात आणले गेले. अंग गार पडलेले, दूध ओढणे थांबलेले. शिबिराच्या दिवशी ते शाळेपासून चार घरे पलीकडेच होते. त्या घराचा उंबरा आम्ही ओलांडला नव्हता. जन्मापासून त्याला घुटी चाटविली जात होती आणि ती आमच्याच औषधालयातून गेली होती. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविल्याने बाळ वाचले. घुटीमुळेच ते आजारी पडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपण काय वाटतो आणि गावाला काय हवे असते, यांतील अंतर त्या दिवशी ध्यानी आले.

गडचिरोलीचा धडा

हे अंतर कसे मिटवावे, याचे उदाहरण नदीपलीकडेच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे कार्य आरंभिले. त्यांनी औषधे वाटण्यापूर्वी गावांतील जन्म व मृत्यू मोजले. बहुसंख्य बाळे घरीच जन्मतात व घरीच दगावतात, हे दिसल्यावर उपचारही घरीच नेण्याचे ठरले. 39 गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकविण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपान लावून देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे, हे सारे त्या करू लागल्या. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात सेवा स्वीकारली.

औषधींचे नाव व रूप वनात राहणाऱ्या गुराख्यांना ठाऊक असते, हे चरकाचार्यांनी मान्य केलेच आहे. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती बाळाचे प्राण सोपविण्यास आपणच का कचरावे?

आपल्या फडताळाकडे पाहू

सुश्रुताचार्यांनी स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवर्तते असे सांगून, तोवर मध-तुपाची योजना केली. आज आपणांस ठाऊक आहे की पहिल्या तासापासून येणारा चीक हाच बाळाचा पहिला आहार व पहिले संरक्षण होय. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध पुरेसे असते आणि वर्षाच्या आतील बाळास मध धोक्याचा ठरू शकतो. जेथे कारण उरले नाही, तेथे योजना कवटाळून बसणे शास्त्रास धरून नाही. चरकाने युक्तीलाही प्रमाण मानले आहे.

औषधालयचालक बंधूंनो, नवजातासाठी घुटी मागणाऱ्यास 'बाळ किती दिवसांचे, दूध ओढते का, अंग गार आहे का?' एवढे विचारावे. उत्तर चिंतेचे असल्यास घुटी न देता, बाळ आईच्या उघड्या छातीशी लावून वर पांघरूण घालावयास सांगावे आणि त्वरित रुग्णालयात धाडावे. एका बाटलीची विक्री बुडेल, ती बुडू द्यावी.

शिबिरे आम्ही बंद केलेली नाहीत. रोवणी-कापणीचे दिवस मात्र टाळतो. गावात पोचताच प्रथम आशाताईंना भेटून गरोदर व बाळंतीण स्त्रियांची घरे विचारतो आणि त्यांच्यासमवेत तेथे जातो. पुड्या त्यानंतर. त्यामुळे दिवसाकाठी तपासलेल्या रुग्णांचा आकडा निम्म्यावर आला आहे आणि अहवालात तो उणा दिसतो. संघाच्या शाखांनी अहवालाच्या नमुन्यात 'किती रुग्ण तपासले' याखाली 'किती बाळंतिणींच्या घरी गेलो' असा एक रकाना वाढवावा, एवढीच आमची सूचना आहे.