खाट कुणाच्या वाट्याला?

लंडनच्या उत्तरेकडच्या मिडलसेक्स परगण्यातल्या उपनगरांत आरोग्याधिकारी दरवर्षी अहवाल काढत. त्यात एक तक्ता हमखास असे: साथरोगांचे रुग्ण किती नोंदले आणि त्यांतले किती इस्पितळात गेले. १९५०च्या आसपासचे हे तक्ते वाचताना दुसऱ्या रकान्यावर फार विसंबू नये. आजाराच्या जोरापेक्षा घरात वेगळी खोली होती की नाही, हेच त्यातून जास्त कळतं.

गोवर घ्या. दर दोन वर्षांनी लाट यायची, घरोघरी पोरं अंथरुणाला खिळायची. इस्पितळात जाई ते न्यूमोनिया झालेलं किंवा दाटीवाटीच्या घरातलं एखादंच मूल. स्कार्लेट फीव्हरचं उलटं. आधीच्या पिढीत घसा सुजला, अंगावर लाल पुरळ आलं, की पोराला उचलून नेत. मुक्काम चार-सहा आठवडे. आईबापांनी बघायचं ते खिडकीच्या काचेबाहेरून. गादी-पांघरुणं पालिकेच्या वाफेच्या भट्टीत.

एवढं करूनही मूल घरी परतल्यावर कधीकधी भावंडाला ताप यायचा. जंतुशास्त्रज्ञ फ्रेडरिक ग्रिफिथने १९३४ मध्ये या तापाच्या जंतूचे, स्ट्रेप्टोकॉकसचे, प्रकार वेगळे करून दाखवले. त्या पद्धतीने वॉर्डातल्या मुलांचे घसे तपासले तेव्हा उलगडा झाला: एका प्रकाराने आजारी पडलेलं मूल शेजारच्या खाटेवरून दुसरा प्रकार उचलत होतं. पुढे पेनिसिलिन आलं, ताप मुळातच सौम्य होत चालला होता, आणि उपनगरातली बरीच पोरं घरीच बरी होऊ लागली.

घटसर्पाचा आकडा आणखी फसवा. १९४० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ४६ हजारांवर रुग्ण होते. लसीकरणानंतर १९५७ मध्ये अवघे ३७. तरी 'संशयित घटसर्प' इस्पितळात येतच राहिले. घशात करडा पापुद्रा दिसल्यावर तपासणीच्या निकालाची वाट बघत बसणं धोक्याचं, कारण प्रतिविष उशिरा दिलं तर फारसं लागू पडत नाही. मग कितीदा तरी निघे साधा टॉन्सिलचा त्रास. मला यात डॉक्टरांची चूक दिसत नाही.

पोलिओला मात्र घरची खोली पुरणारी नव्हती. श्वासाचे स्नायू लुळे पडले की लोखंडी फुप्फुसाखेरीज, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राखेरीज, इलाज नव्हता, आणि १९४७च्या साथीत सात हजारांवर रुग्ण नोंदले गेले.

१९४८ मध्ये ही साथरोगांची इस्पितळं पालिकांकडून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली. खाटा रिकाम्या पडू लागल्या होत्या. मझवेल हिलचं कॉपेट्स वूड मात्र संसर्गाचंच इस्पितळ राहिलं. १९७६ मध्ये पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत सुई टोचून इबोलाची लागण झालेल्या संशोधकाला तिथेच प्लास्टिकच्या तंबूत ठेवलं होतं. तो बरा झाला.