फुकट नको, मुक्त हवं!

मित्रांच्या घोळक्यात एकदा हा प्रश्न टाकून बघा. ‘तुझ्या घरच्या लॅपटॉपवरचं विंडोज ओरिजिनल आहे का रे?’ आधी हशा पिकेल. मग कुणीतरी म्हणेल, ‘ओरिजिनल कोण घेतं बॉस!’ कुणाला तापकीर गल्लीतला, कुणाला लॅमिंग्टन रोडवरचा तो ‘आपला माणूस’ आठवेल. लॅपटॉप फॉरमॅट करतानाच विंडोज, ऑफिस, फोटोशॉप असं सगळं तो ‘टाकून’ देतो, वर अँटिव्हायरसही. ईएमआयवर महागडा फोन घेणारी आपली पिढी सॉफ्टवेअरच्या बाबतीत एकदम आजोबांसारखी काटकसरी!

गंमत म्हणजे याच चोरीच्या मशिनवर एक सॉफ्टवेअर हमखास अस्सल असतं. रस्त्यावरच्या नारंगी शंकूचं चित्र असलेलं, कुठलाही पिक्चर निमूटपणे चालवणारं व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ साली प्रोजेक्ट म्हणून ते सुरू केलं आणि २००१ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. त्याचं क्रॅक व्हर्जन कुणी शोधत नाही, कारण तोडायला त्याला कुलूपच नाही. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. म्हणजे ‘ते ओपन सोर्स वगैरे आपल्याला जमत नाही’ असं म्हणणारे आपण सगळे ते रोजच वापरतो. फक्त आपल्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि त्यापायी रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाचं निम्मं आयुष्य खुलासे करण्यात गेलंय. आपल्या मराठीत हा घोळच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. तापकीर गल्लीत मिळतं ते फुकट (किंवा जवळपास फुकट). स्टॉलमनला हवं होतं ते मुक्त.

त्याची ठिणगी पडली एका प्रिंटरमुळे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या लॅबमध्ये एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो तसाच बसून राहायचा. स्टॉलमनला त्याच्या प्रोग्रॅममध्ये एवढीच भर घालायची होती, की कागद अडकल्यावर सगळ्यांना मेसेज जावा. जुन्या प्रिंटरला त्याने ते केलंही होतं. पण या नव्याचा कोड मिळेना. तो ज्याच्याकडे होता, त्याने ‘कुणाला देणार नाही’ अशा करारावर सही केली होती. स्टॉलमनचं डोकं फिरलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कशासाठीही वापरा, उघडून बघा, हवं तसं बदला, दुसऱ्याला द्या, हा त्याचा फंडा. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि या दोन्हींची मोट बांधून एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली. बाजारातलं गोड्या मसाल्याचं पाकीट आणि आजीच्या वहीतलं मसाल्याचं प्रमाण यात जो फरक, तोच इथे. वहीतलं दगडफूल तुम्ही कमी करू शकता.

प्रिंटरच्या पोर्टमधला डोंगल

हे सगळं मला आधीही माहीत होतं, पण पुस्तकी. ते खऱ्या अर्थाने कळलं पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत. वस्त्यांमधल्या घरांच्या प्रश्नावर काम करणारी ही संस्था. मी त्यांचा वार्षिक अहवाल लिहून देत होते. जुने संदर्भ हवेत म्हटल्यावर तिथल्या ताईंनी सीडींचा एक गठ्ठा काढून दिला. १९९७ पासूनचे सर्व्हे, महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार, बैठकांची इतिवृत्तं. सगळं मराठीत, सगळं ताईंनी स्वतः रात्री बसून टाइप केलेलं.

फाइल उघडली, आणि स्क्रीनवर कचरा. डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, मधेच डॉलर, मग तीन कंस. दोनशे पानं अशीच. त्या काळात मराठीसाठी वेगळं पॅकेज विकत घ्यावं लागायचं आणि ते चालवायला एक डोंगल मिळायचा. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं एक चिमुकलं हार्डवेअर कुलूप. डोंगल ताईंनी जपून ठेवला होता, चक्क हळदीकुंकवाच्या डबीत. पण तो खोचायला आजच्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, नवीन व्हर्जन घ्या. जुन्या फाइली त्यात उघडतील का? ‘बघावं लागेल मॅडम.’

‘माझंच लिहिलेलं आणि मलाच वाचता येईना,’ ताई म्हणाल्या.

भानगड काय होती? त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. काना एका बटणावर, अर्धा ‘त’ दुसऱ्यावर. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी! फॉन्ट गेला की खाली उरतं ते नुसतं इंग्रजी गडबडगुंडा. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, कारण त्यात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक आहे आणि तो जगजाहीर आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५. कुठलीही कंपनी बुडो, ‘क’ हा ‘क’च राहतो.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या फाइली गेल्या तर गेल्या, एवढं काय? तर महाराष्ट्रात झोपडीला संरक्षण मिळण्यासाठी १ जानेवारी २००० ही तारीख फार महत्त्वाची. त्याआधीपासून कोण राहतंय, कुणाकडे कोणती पावती, कुणाचं नाव कुठल्या मतदारयादीत, याच्या घरनिहाय याद्या त्या सीडींवर होत्या. मूळ कागद त्या त्या कुटुंबाकडे. पण कुठला कागद कुणाच्या पेटीत आहे, हे फक्त यादी सांगणार.

शेवटी हौशी लोकांनी लिहून वाटलेली फॉन्ट कन्व्हर्टर्स कामाला आली. दहा दिवस लागले. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचे, जोडाक्षरं तुटायची, ते हाताने दुरुस्त केलं. काही तक्ते सुटलेच नाहीत. त्यांच्या झेरॉक्स शोधून पुन्हा टाइप केल्या. सगळा ऐवज आता युनिकोडमध्ये आहे, ओडीटी फाइलींमध्ये. या फॉरमॅटची रचना कुणालाही वाचायला खुली आहे. छपाईसाठी फॉन्ट वापरला तो मुंबईच्या एक टाइपने केलेला. खुल्या परवान्याचा, नाव ‘मुक्त’.

किल्ली कुणाकडे?

‘हे जुन्या काळातलं झालं, आता सगळं क्लाउडवर आहे,’ असं माझ्या एका आयटीतल्या मित्राचं म्हणणं. त्याला मी नायरा एनर्जीचं उदाहरण दिलं. मुंबईत मुख्यालय, गुजरातेत वाडीनारला अवाढव्य रिफायनरी, आणि रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचं आउटलुक बंद, टीम्स बंद. पैसे भरलेले आहेत, लायसन्स चालू आहे, असं कंपनी सांगत होती. ती दिल्ली हायकोर्टात गेली, आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. रशियाच्या तेलाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण भारतातल्या ऑफिसातली ईमेल ब्रुसेल्समधल्या निर्णयामुळे बंद पडू शकते, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. जिथे रिफायनरीला वकील लावावे लागले, तिथे आपल्या ताईंनी काय करायचं?

त्यानंतर स्वदेशी सॉफ्टवेअरची लाट आली. झोहोचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, केंद्र सरकारातही त्याचा वापर वाढला. चांगलंच आहे. पण स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे, हे ध्यानात ठेवा. झोहोच्या ऑफिस सूटचा कोडही बंदच आहे. किल्ली सातासमुद्रापलीकडून चेन्नईला आली, एवढाच फरक.

ताईत नाही, दादा!

कार्यकर्त्या मंडळींसाठी हा विषय फायलींपुरता नाही. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांना अटक केली, ती त्यांच्या लॅपटॉपवर सापडलेल्या पत्रांच्या आधारे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फोरेन्सिक कंपनीचा अहवाल आला. एका ईमेलमधून आलेल्या नेटवायर या मालवेअरने लॅपटॉपचा ताबा घेतला होता आणि ती पत्रं बाहेरून ठेवली गेली, असा त्याचा निष्कर्ष. एनआयएने तो मान्य केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये विल्सन यांना मुंबई हायकोर्टाने जामीन दिला. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण आपल्या मशिनवर काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही, हा धडा त्याआधीच घेण्यासारखा आहे.

लिनक्स असतं तर हे टळलं असतं का? छातीठोकपणे कुणी सांगू नये. अनोळखी अटॅचमेंटवर क्लिक करणाऱ्याला कुठलीच सिस्टिम वाचवत नाही. मात्र क्रॅक केलेलं विंडोज वापरणं म्हणजे घराची डुप्लिकेट किल्ली अनोळखी माणसाकडून बनवून घेणं. क्रॅक करणाऱ्याने आत आणखी काय ठेवलंय, कोण तपासणार?

खुल्या कोडचा फायदा इथेच. सिग्नल घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात त्यांच्याकडे युजरची माहिती मागण्यात आली. त्यांच्याकडे द्यायला निघाल्या दोनच गोष्टी, अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्शन कधी झालं. सिग्नलची एन्क्रिप्शन पद्धत व्हॉट्सअ‍ॅपही वापरतं, पण व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा कोड बंद आहे. पासवर्डसाठी कीपासएक्ससी, पेन ड्राइव्हला कुलूप लावायला व्हेराक्रिप्ट. एवढं केलंत तरी निम्म्या संस्थांच्या पुढे जाल.

‘सगळ्यांना कोड दिसतो म्हणजे तो सुरक्षित’ हे भाबडेपणही नको. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा कॉम्प्रेशन टूलमध्ये चोरदरवाजा सापडला. ते टूल सांभाळणारा माणूस जवळपास एकटा, विनामोबदला राबणारा, दमलेला. एकाने दोन-अडीच वर्षं मदतनीस बनून त्याचा विश्वास कमावला आणि मग विष कालवलं. पकडलं कुणी? लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून खोलात शिरलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरने. तो नोकरीला कुठे होता माहितेय? मायक्रोसॉफ्टमध्ये! कोड उघडा होता म्हणून त्याला आत डोकावता आलं. पण जगभरचे सर्व्हर ज्याच्यावर चालतात ते टूल एकट्या दमलेल्या माणसाच्या भरवशावर सोडणं, ही फुकट्यांची करामत. आपलीच.

शनिवारचा उद्योग

विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कित्येक धडधाकट लॅपटॉप केवळ टीपीएम २.० ची चिप नाही म्हणून विंडोज ११ साठी नापास ठरलेत. तुमचा त्यातला असेल तर भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता ती चालते. वायफाय, आवाज, वेबकॅम सगळं तपासा. पटलं तर बॅकअप घ्या आणि मगच पुढे जा.

एवढी उडी नको असेल तर विंडोजवरच फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस टाका. मी स्वतः हा लेख लिब्रेऑफिसमध्ये लिहिलाय. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत, मराठीतूनसुद्धा.

कुरकुरी आहेतच. बॉसने पाठवलेल्या वर्ड फाइलमधला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी नाचतो. अकाउंट्सवाल्यांचे एक्सेलचे मॅक्रो रुसतात. फोटोशॉपवर हात बसलेल्याला जिम्प पहिला महिनाभर वैताग देतं. लिनक्सवर काही लॅपटॉपचा फिंगरप्रिंट चालतच नाही. मला त्या तक्त्यांचा अजूनही राग येतो, म्हणून बाहेर पाठवायची प्रत मी पीडीएफ करते.

आणि हो, हे सगळं घरच्या लॅपटॉपवर. ऑफिसचा असेल तर पेन ड्राइव्ह खोचण्याआधी आयटीवाल्याला विचारा. त्याच्याच मशिनवर लिनक्स निघण्याची शक्यता बरीच आहे.